पट्ट्यावाचून पडून राहिलेलं घड्याळ

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, जिथे मुलांचे पहिले वाळे, जोडीतली एकच उरलेली कुडी आणि जुन्या पावत्या ठेवलेल्या असतात ना, तिथे एखादं घड्याळही असेल. बंद पडलेलं नव्हे, बरं का! चावी दिली की अजून टिकटिक करणारं. मग ते पडून का? तर पट्टा तुटला आणि त्याला बसेल असा दुसरा मिळाला नाही, एवढंच कारण.

असं घड्याळ बहुधा आपलं स्वतःचं नसतं. आईने पहिल्या पगारातून घेतलेलं असतं, नाही तर मामंजींना निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी दिलेलं असतं. कुणाकडे एचएमटीचं ‘जनता’ किंवा ‘सुजाता’ असतं, कुणाकडे फेवर-ल्यूबा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं तयार होऊ लागली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. कंपनी गेली, पण घरोघरची घड्याळं अजून चालताहेत. हल्ली तर कॉलेजातल्या मुलींना आजोबांचं घड्याळ मनगटावर मिरवायची हौस आहे. मोबाइल खिशात असूनही! मग लेक हट्ट धरते, “आई, मला हे लावून दे ना!” आणि आपण ते पर्समध्ये टाकून बाजारात जातो.

तिथे काय होतं ते तुम्हांला ठाऊक आहेच. दुकानदार घड्याळ हातात घेतो, काचेखाली टांगलेले चार-पाच पट्टे लावून बघतो. एक आत जात नाही, दुसरा आत डुगडुगतो. मग म्हणतो, “ताई, ह्या साइजचा पट्टा येतच नाही आता. कशाला जुन्याच्या मागे लागता? नवीन घ्या, वॉरंटीसकट देतो.” आणि आपण फार आग्रह केला, तर त्यातल्या त्यात जवळचा पट्टा कसाबसा बसवून देतो आणि पैसे घेतो. हा ‘कसाबसा’च पुढे घात करतो.

आधी माप घ्या

घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे छोटे कान असतात. दुकानात त्यांना ‘लग’ म्हणतात. दोन कानांच्या मधली जी मोकळी जागा, ते पट्ट्याचं माप. घड्याळाची तबकडी केवढी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या तबकडीचं घड्याळ अरुंद पट्ट्याचं असू शकतं, त्यामुळे “जेन्ट्स पट्टा द्या” किंवा “लेडीज द्या” एवढ्याने काम भागत नाही.

आजकाल तयार पट्टे बहुतेक सम आकड्यांत येतात. पुरुषांचे १८, २०, २२ मिलिमीटर, बायकांचे १२, १४, १६. दुकानदार खपणारा माल ठेवणार, त्यात त्याचा दोष नाही. पण जुन्या घड्याळांनी हा नियम पाळलेला नाही. त्यांत १७ आणि १९ सर्रास भेटतात, आणि बायकांच्या इवल्याशा घड्याळांत तर ८, ११, १३ असं काहीही निघतं. पूर्वी काही देशांत पट्टे इंचांच्या हिशेबाने बनत. पाऊण इंच म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर, आणि पाच-अष्टमांश इंच म्हणजे जवळजवळ १६. तेव्हा तुमच्या घड्याळाचं माप विचित्र वाटलं, तरी ते घड्याळ बनलं तेव्हा त्यात विचित्र काही नव्हतं.

हे माप घरीच घ्या. शिवणाची टेप इथे कामाची नाही, ती वापरून ताणलेली असते आणि एका मिलिमीटरचा फरक तिच्यावर कळत नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. त्याची दोनेक सेंटिमीटर रुंदीची सरळ पट्टी कापा आणि कानांच्या मध्ये घालून बघा. जात नसेल तर कात्रीने अगदी दोऱ्याएवढी कड काढा, पुन्हा बघा. न दाबता आत जाईल आणि आत गेल्यावर हलणार नाही, अशी झाली की थांबा. आता मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर ती मोजा. शून्यावरून मोजू नका, पट्टीचं टोक झिजलेलं असतं. १ च्या रेघेपासून मोजा. घरात अकरावी-बारावीचं विज्ञान शिकणारं कोणी असेल तर त्याच्या व्हर्नियर कॅलिपरला कामाला लावा, त्याच्यावर मिलिमीटरचा दहावा भागही कळतो. आणि हो, वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचं माप घ्या. घड्याळ कधी पडून एखादा कान वाकला असेल, तर दोन्हींत फरक निघतो.

पट्टा नंतर, आधी पिन

आता मुख्य मुद्दा सांगते. पट्टा शोधायला निघालेल्या बहुतेक बायका पट्ट्याकडेच बघतात. चामड्याचा की कापडाचा, तपकिरी की काळा, शिवण दिसते की नाही. पण घड्याळ तुमच्या हातावर टिकवतो तो पट्टा नव्हे, पट्ट्याच्या पोटातून जाणारी ती बारीक पिन. ती एक नळी असते, आत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकांना दाबलं की आत जाणारी बारीक टोकं असतात. कानांच्या आतल्या अंगाला भोकं असतात, त्यांत ही टोकं शिरून बसतात. सगळा भार त्या दोन टोकांवर! प्रत्येक टोक असतं जेमतेम मिलिमीटरभर.

आता विचार करा. कानांमधली जागा १३ मिलिमीटरची आणि दुकानदाराने १२ चा पट्टा त्याच्या १२ च्या पिनेसकट बसवून दिला. दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा राहिला. म्हणजे टोकाचा अर्धाच भाग भोकात, अर्धा बाहेर अधांतरी. दिसायला सगळं ठीक दिसतं. पट्टा जरा इकडेतिकडे सरकतो, इतकंच. पण सरकता सरकता एक दिवस हिसका बसतो आणि पिन सुटते.

आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं. त्यांच्या आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आईंचं घड्याळ काकूंनी हौसेने पट्टा लावून घेतलं, ‘चालतंय की’ म्हणून वर्षभर वापरलंही. एसटीत गर्दीत उभ्या होत्या, वरचा दांडा धरलेला, धक्का बसला आणि हात खाली आला तो मोकळाच. उतरणाऱ्यांच्या पायांत कुठे गेलं कोण जाणे. कंडक्टरने बिचाऱ्याने गाडी थांबवून बाकांखालीही बघितलं. नाही मिळालं. घड्याळाला मोडीत कोणी दोनशे रुपयेही दिले नसते. पण काकू आठ दिवस धड जेवल्या नाहीत. आईंच्या हातची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे होती.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य असं म्हणा: “आधी मला सतराची पिन दाखवा.” (तुमचं माप जे असेल ते.) पिना मिलिमीटरच्या हिशेबाने मिळतात, विषम मापाच्याही मिळतात, आणि पट्ट्याच्या मानाने त्या अगदी किरकोळ किमतीच्या असतात. पट्ट्याशिवाय नुसती पिन कानांत बसवून बघायला सांगा. ‘टक’ असा बारीक आवाज झाला पाहिजे, आणि नखाने ओढली तरी ती हलता कामा नये. भोकं मोठी असतील तर जाड पिन लागते, दीड मिलिमीटर आणि १.८ मिलिमीटर अशा दोन जाड्या नेहमी मिळतात. माप दोन आकड्यांच्या मध्येच अडकलं असेल तर दोन्ही पिना लावून बघा आणि जी मोठी आत जाते ती ठेवा, स्प्रिंग असल्यामुळे ती थोडी दबते.

पिन नक्की झाली की मग पट्टा. आणि मग अडचण निम्मी होते. कारण पट्टा चामड्याचा-कापडाचा असतो, त्याला थोडं आपल्या मनासारखं करता येतं. पिनेला येत नाही.

मोठा घ्यावा की लहान?

मला विचाराल तर नेहमी एक मिलिमीटर मोठा. १७ च्या घड्याळाला १८ चा, १३ च्या घड्याळाला १४ चा. मऊ चामडं असेल तर ते जरा दाबून बसतं. नाही बसलं तर पट्ट्याच्या टोकाशीच, कानांच्या मध्ये जाणारा भाग तेवढा, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर धारदार पात्याने तासून घेता येतो. एकाच बाजूने एक मिलिमीटर काढू नका, पट्टा तिरका दिसतो आणि तिकडची शिवण उसवते. मात्र आत फुगीर अस्तर घातलेले जाड पट्टे ह्या कामाला घेऊ नका, कापलं की त्यांची कड फाकते. आणि मोठ्या पट्ट्याबरोबर आलेली त्याची पिन वापरू नका, आपली मापाची पिनच घाला.

लहान पट्टा मोठ्या जागेत घालायचा, तर पिन बरोबर मापाची असेल तोवर घड्याळ पडायचं नाही, हे खरं. पण दोन्हीकडे फट दिसते, फटीत घाम आणि मळ साचतो, पट्टा सरकून सरकून पिन एका बाजूला झिजते. पंधरा दिवसांची नड म्हणून ठीक. कायमचं नको.

विणीचे नायलॉनचे जे पट्टे मिळतात, ते विषम मापाला फार सोयीचे. वीण सैल असल्याने १८ चा पट्टा १७ मध्ये सहज आक्रसतो. आणखी एक सोय अशी की त्यांना ठरावीक भोकं नसतात, बकलाचा काटा विणीतून कुठेही जातो. आपल्यापैकी कितीजणींची मनगटं अशी बारीक असतात की शेवटच्या भोकातही घड्याळ फिरतंच! त्यांनी हा पट्टा जरूर लावून बघावा. साडीवर तो शोभतो का, हा प्रश्न वेगळा. मला विचाराल तर सुती साडीवर शोभतो, रेशमी साडीवर नाही.

एकच लांब पट्टी दोन्ही पिनांच्या आतून घालायचा प्रकारही आहे. ब्रिटिश सैन्यासाठी १९७३ साली असा नायलॉनचा पट्टा ठरवून देण्यात आला. त्यात खुबी अशी की एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर पट्ट्यात लटकून राहतं, खाली पडत नाही. रोज लोकलने किंवा बसने जाणाऱ्यांनी आठवणीच्या घड्याळाला हाच पट्टा घालावा. फक्त पट्टी डबीच्या पाठीमागून जात असल्याने घड्याळ थोडं उंच बसतं.

स्टीलचा ताणणारा स्प्रिंगचा पट्टा दुकानदार हमखास पुढे करतो, कारण त्यातल्या काहींची टोकं आत-बाहेर सरकून दोन-चार मापांत बसतात. बसतो तो, पण हातावरचे केस ओढतो आणि पत्र्याची टोकं कानांच्या आतल्या बाजूला घासत राहतात. मुलामा दिलेल्या घड्याळाला मी तो लावणार नाही.

कानांना हात लावू देऊ नका

काही कारागीर पट्टा बसत नसला की सरळ कानस काढतात आणि घड्याळाचे कानच आतून घासतात. काही जण उलट करतात, जागा जास्त असली की पकडीने कान आत दाबतात. दोन्ही वेळा ठाम शब्दांत “नको” म्हणा आणि घड्याळ परत घ्या. सोनेरी दिसणाऱ्या बऱ्याच जुन्या डब्या आत पितळेच्या असतात, वर नुसता मुलामा. तो एकदा घासला की खालचं पितळ उघडं पडतं, घामाने हिरवट होतं, हाताला डाग पडतात. आणि दाबलेल्या कानांतली भोकं तिरकी होतात, मग कुठलीच पिन धड बसत नाही. पट्टा बिघडला तर दुसरा आणता येतो. डबी कुठून आणणार?

शिवून घ्यायचा तर

तयार पट्ट्याने काहीच जमलं नाही, तर चामड्याचं बारीक काम करणाऱ्या कारागिराकडून शिवून घ्यावा. आपल्याकडे हे काम जाणणारे हात कमी नाहीत. मुंबईत धारावीला चामड्याच्या वस्तूंची दुकानं रांगेने आहेत, कोल्हापुरात चप्पल लाइन आहे, आणि लहान गावातही पर्स-पाकिटं दुरुस्त करणारा कोणी ना कोणी असतोच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. घामाने, हाताळण्याने ते काळपट-तांबूस होत छान रंगतं. मात्र ते जाड असतं, त्यामुळे रापीने तासून पातळ करायला सांगा, विशेषतः पिनेभोवती जिथे ते दुमडायचं तिथे.

जाताना घड्याळ, नवी पिन आणि जुना पट्टा, तिन्ही न्या. तुटका-फाटका असला तरी जुना पट्टा टाकू नका, तोच नमुना. शिंपीदादांकडे आपण मापाचं पोलकं नेतो, तसंच हे. सांगायची मापं अशी: कानांजवळची रुंदी, बकलाजवळची रुंदी (ती साधारण दोन मिलिमीटरने कमी ठेवली की पट्टा नाजूक दिसतो), भोकांच्या लांब तुकड्याची लांबी आणि बकलाच्या आखूड तुकड्याची लांबी. पुरुषांचा तयार पट्टा बहुधा ११५ आणि ७५ मिलिमीटर लांबीचा असतो. बायकांना तो लांब पडतो आणि टोक उगाच लोंबतं. आपल्या मनगटावर घड्याळ धरून, जुना पट्टा लावून, बकल मधल्या भोकात येईल अशी लांबी ठरवा. पट्ट्याखालून करंगळी जाईल इतपत सैल हवा. बांगड्या घालून माप द्या, म्हणजे घड्याळ मनगटावर नेमकं कुठे बसणार ते कळतं. काचेच्या बांगड्यांचा घासा पट्ट्याच्या कडेला लागतो, तेव्हा कड रंगवून घोटून द्यायला सांगा, नुसती कापलेली ठेवू नये.

तुमच्या घड्याळाची पिन निघतच नाही असं लक्षात आलं, तर ओढाताण करू नका. अगदी जुन्या घड्याळांत कानांमध्ये तार कायमची डाख देऊन जोडलेली असते. गंमत म्हणजे मनगटी घड्याळ हा मूळचा बायकांचा दागिना! १८६८ साली पाटेक फिलिप ह्या स्विस कंपनीने हंगेरीच्या काउंटेस कोस्कोविच यांच्यासाठी हातात घालायचं घड्याळ बनवलं. पुरुष तेव्हा खिशातच घड्याळ ठेवत आणि मनगटावरच्याला हसत. १९१४-१८ च्या महायुद्धात खंदकांत खिसा चाचपायला वेळ नव्हता, तेव्हा कुठे त्यांनीही ते हातावर बांधलं. त्या काळच्या घड्याळांना अशा डाखलेल्या तारा असत, पुढे बायकांच्या काही छोट्या घड्याळांतही त्या राहिल्या. अशा घड्याळाला वर सांगितलेली एकच लांब पट्टी चालते, नाही तर कारागिराकडून चामडं तारेभोवती दुमडून तिथल्या तिथे शिवून घ्यावं लागतं. तार कापून पिन घालू का, असं कोणी विचारलं तर नको म्हणा.

काही नव्या घड्याळांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा पट्टा डबीच्या खाचेत बसतो आणि मधला भाग जिभेसारखा अरुंद असतो. तिथे दोन मापं लागतात, आणि बाहेरचा पट्टा क्वचितच जमतो. त्याच कंपनीच्या सेवा केंद्रात घड्याळाच्या पाठीवरचा क्रमांक सांगून मागवणं बरं. मोबाइलवरून मागवत असाल तर मापाचा आकडा कानांजवळचा आहे की बकलाजवळचा ते नीट वाचा, पुष्कळजणी तिथेच फसतात.

पट्टा घरी बदलायचा असेल तर ताटात जाड टॉवेल पसरून त्यावर बसा. पिन उडाली की फरशीवर सापडत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. कानांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा म्हणजे ओरखडे पडत नाहीत. पिनेचं एक टोक आधी भोकात घाला, दुसरं बोथट चाकूच्या टोकाने दाबून आत सरकवा. मग पलंगावर हात धरून पट्ट्याला चांगले चार हिसके द्या. सुटायचं असेल तर तिथेच सुटू दे!

चामड्याचा पट्टा पावसाळ्यात घालू नये. भिजला तर पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको, तो कडक होऊन तडकतो. कपाटात ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी येते. नायलॉनचा पट्टा महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, पण घड्याळातून काढून. आणि पट्टा बदलाल तेव्हा पिनही बदला, जुनी चांगली दिसत असली तरी.

शेवटी घरातल्या सगळ्या घड्याळांची मापं एकदाच घेऊन हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. गॅसचा ग्राहक क्रमांक आणि मुलांच्या गणवेशाची मापं लिहितो ना, त्याच पानावर: आईचं १३, मामंजींचं १७, ह्यांचं २०. जादा आणलेली एखादी पिन त्याच पानाला चिकटपट्टीने चिकटवून टाका.